वाटाड्याचा वाटा

मनुष्यानें आजवर जितके म्हणून खेळ निर्माण केले, त्यांचे स्थूलमानानें दोन पंथ पाडतां येतात. पहिल्या पंथांत दोन्ही पक्षांना सारखें सैन्य, सारखी भूमि आणि सारखे कायदे मिळतात. मग ज्याची बुद्धि अधिक चालेल त्यानें जिंकावें. बुद्धिबळ हा या पंथाचा मुकुटमणि. दुसऱ्या पंथांत पक्ष मुळांतच विषम असतात, आणि ती विषमता नाहींशी करण्याऐवजीं तिचाच खेळ करावयाचा असतो. या दुसऱ्या पंथाची दीक्षा आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील मुलांना वेगळी द्यावी लागत नाहीं. ओसरीच्या फरशीवर कोळशानें रेघा ओढाव्या, चिंचोके आणि खडे गोळा करावे, कीं वाघबकरीचा डाव सिद्ध !

या वाघबकरीचे पट ठिकठिकाणीं वेगळे आहेत. दक्षिणेंत त्रिकोणी पटावर तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या असतात, तर नेपाळांत चौकोनी पटावर चार वाघ आणि वीस बकऱ्या. वाघ उडी मारून बकरी खातो. बकरीला वाघ मारतां येत नाहीं. तिनें आपल्या भगिनींच्या साह्यानें त्याला कोंडावयाचें असतें. एकीकडे पराक्रम आणि दुसरीकडे संख्या. हा डाव वाघाला सोयीचा कीं बकरीला, यावर ओसऱ्यांवरून पुष्कळ वाद झाले असतील. परंतु निदान नेपाळी पटापुरता तो आतां मिटला आहे. दोन गणकशास्त्रज्ञांनीं यंत्राच्या साह्यानें तपास करून असें सिद्ध केलें कीं, दोन्ही पक्ष बिनचूक खेळले तर हा डाव बरोबरीत सुटतो. त्यांचा निबंध २००९ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या अनामिक गुराख्यांनीं खेळतां खेळतां चार आणि वीस हें प्रमाण ठरविलें, त्यांचा तराजू यंत्राच्या कसाला उतरला. आम्हांला या वार्तेनें आनंद झाला, हें कबूल केलें पाहिजे. विषमांतून न्याय काढणें हें सोपें काम नव्हे, आणि तें कोणा अक्षरशत्रूनें करून ठेवलेलें पाहिलें म्हणजे मनाला विशेष बरें वाटतें.

परंतु ज्या खेळाविषयीं आज आम्हांला लिहावयाचें आहे, तो या दोन्ही पंथांत बसत नाहीं. त्याचें नांव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. या नांवाचें ‘भुयारें आणि व्याल’ असें भाषांतर आम्हीं मुलांपुढें ठेविलें होतें, पण तें कोणी उचललें नाहीं. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनीं हा खेळ प्रसिद्ध केला. यांत पट असला तर असतो, नसला तरी चालतें. एक जण सूत्रधार होतो. तो एक काल्पनिक जग वर्णन करितो, आणि बाकीचे त्या जगांतील एकेक पात्र घेऊन ‘मी अमुक करितों’ असें सांगत जातात. तें साधलें कीं नाहीं हें वीस बाजूंच्या फांशानें ठरतें. सर्व खेळाडू एकाच बाजूचे; त्यांच्यांत कोणी जिंकत नाहीं आणि कोणी हरत नाहीं. प्रत्येक पात्राला मात्र एक पेशा घ्यावा लागतो. मूळच्या पुस्तिकांत तीनच पेशे होते : योद्धा, मांत्रिक आणि पुरोहित. पुढच्याच वर्षीं त्यांत चोर आला, आणि मग एका नियतकालिकांतून ‘रेंजर’ या नांवाचा रानावनांत वाट काढणारा एक पेशा आला. त्यालाच आम्ही वाटाड्या म्हणतों, आणि तसें म्हणण्याचें कारण पुढें येईल.

आतां वाचक म्हणतील, जेथें कोणी हरत नाहीं तेथें न्याय-अन्यायाचा प्रश्न उद्भवतोच कोठें ? मांत्रिक प्रबळ असला आणि योद्धा दुर्बळ असला, तरी दोघेहि एकाच पंक्तीचे. एकाच्या बळाचा लाभ दुसऱ्यालाहि होणारच. तर्काला हें पटतें. परंतु ज्यानें घरांत लग्नकार्य पाहिलें आहे त्याला हा तर्क फसवा आहे हें तत्काळ कळेल. कार्य सर्वांचें असतें, यश सर्वांचें असतें, आणि तरीहि ज्या दूरच्या नातलगाला कोणी एकहि काम सांगितलें नाहीं तो मांडवाच्या खांबाला टेकून तीन दिवस काढतो. त्याच्या मनाची स्थिति पराभूताच्या स्थितीहून निराळी असत नाहीं. किंबहुना पराभूताला ‘मी लढलों’ एवढें तरी म्हणतां येतें.

चंद्रपूरचा उन्हाळा कसा असतो हें बाहेरच्या वाचकांना सांगून खरें वाटावयाचें नाहीं. मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. दुपारीं अकरापासून पांचपर्यंत रस्त्यावर कुत्रें दिसत नाहीं. कूलरच्या गारव्यांत, खिडक्यांना ओले पडदे सोडून, घरांतील आणि शेजारचीं मुलें बसतात. आणि गेल्या कांहीं वर्षांपासून आमच्या दिवाणखान्यांत या वेळीं हा खेळ चालतो. सूत्रधार आमची मोठी पुतणी. तिच्या कल्पित राजधानीला चार दरवाजे आणि पांच खिडक्या आहेत, हें ऐकतांच ती कोणत्या परकोटाच्या आंत लहानाची मोठी झाली हें चंद्रपूरकरांना सांगावयास नको. धाकटी पुतणी चोर, शेजारचा एक दणकट मुलगा योद्धा, आणि वैद्यकाच्या परीक्षेची तयारी करणारा आमचा भाचा मांत्रिक. या भाच्याच्या वसतिगृहांतील एक सोबती धानोऱ्याकडचा आहे. घरीं गोंडी बोलणारा, अंगानें किरकोळ, डोळ्यांनीं तीक्ष्ण आणि जिभेनें अत्यंत काटकसरी. तो वाटाड्या. पुरोहिताचा पेशा कोणालाच नको असतो, कारण सगळ्यांच्या जखमा बांधीत हिंडण्यांत कोणाला पुरुषार्थ वाटत नाहीं. तेव्हां तो वयपरत्वें आमच्याकडे आला. हा प्रकार केवळ आमच्या घरचाच नव्हे. जगभर या खेळांत पुरोहित शोधावा लागतो असें ऐकतों.

पेशांची ही तोलामोलाची भानगड खेळाइतकीच जुनी आहे, आणि तिच्यावर पन्नास वर्षांत जे उपाय झाले त्यांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. आरंभीच्या काळांत मांत्रिकाला पहिल्या पायरीवर दिवसाला एकच मंत्र मिळे; तो म्हटला कीं बिचारा सुरी हातांत घेऊन योद्ध्याच्या पाठीमागें लपे. मात्र पुढें पुढें तो असा वाढे कीं शेवटीं योद्धा त्याचा हुजऱ्या शोभावा. याला प्रतिकार म्हणून वाढीचा वेग निरनिराळा ठेविला होता. दुसऱ्या पायरीवर चढावयास चोराला १,२०० गुण पुरत, योद्ध्याला २,००० लागत आणि मांत्रिकाला २,५००. ज्याचें फळ मोठें त्यानें उशिरां पिकावें, असा हा आंब्याच्या झाडाचा न्याय होता. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तींत सर्वांना एकच जिना करून देण्यांत आला. समता आली, आणि समतेबरोबर मांत्रिक व पुरोहित यांचें साम्राज्यहि आलें. तेव्हां २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीनें अगदीं दुसरें टोक गांठलें : प्रत्येक पेशाला हरघडीचीं, दर चकमकीचीं आणि दिवसाचीं अशीं एकाच मापाचीं सामर्थ्यें वांटून दिलीं. तोल तर साधला. परंतु पुष्कळांची तक्रार अशी झाली कीं, तरवार आणि मंत्र यांत आतां नांवापलीकडे भेदच उरला नाहीं. सर्वांच्या पानांत सारखेंच वाढलें हें खरें, पण सर्व पदार्थांना एकच चव लागली. मग २०१४ सालीं पांचवी आवृत्ति निघाली. तिनें भेद परत आणले, आणि भेदांबरोबर जुनें भांडणहि परत आलें.

या पांचव्या आवृत्तींत योद्धा आणि मांत्रिक यांचा तोल कोठें ठेविला आहे हें पाहण्यासारखें आहे. पांचव्या पायरीवरचा मांत्रिक अग्निगोल फेंकतो. सहा बाजूंचे आठ फांसे टाकावयाचे; सरासरीनें २८ गुणांचा दाह, आणि तोहि एकाला नव्हे तर त्या आंवाक्यांत उभ्या असलेल्या सर्वांना. योद्ध्याचे त्याच पायरीवर दोन वार. दोन्ही लागले तर सोळा-सतरा, आणि तेहि एकाच शत्रूला. उघड अन्याय ! परंतु मांत्रिकाचे असे मोठे मंत्र दिवसांतून दोन, आणि योद्ध्याचे वार दिवसभर. सूत्रधारासाठीं जें पुस्तक आहे त्यांत एका दिवसांत सहा ते आठ चकमकी होतील असें गृहीत धरलेलें आहे. तिसऱ्या चकमकीपर्यंत मांत्रिकाची झोळी रिती होते, आणि मग सायंकाळपर्यंत सगळ्यांचे प्राण योद्ध्याच्या मनगटावर असतात. म्हणजे पेशांचा तोल पेशांच्या पानांवर नाहींच. तो दिवसाच्या लांबींत आहे. दिवस आखूड करा, मांत्रिक राजा होतो. दिवस लांबवा, योद्धा.

आमच्या दिवाणखान्यांतला दिवस फार आखूड. एक चकमक होते न होते तोंच पन्हें येतें. दुसरी होईतों कोणाचा तरी क्लास निघतो. भाचा आपले अग्निगोल पहिल्याच तासाला उधळून, ‘आतां आपण झोपूं या’ म्हणून मोकळा होई. ही खोड पुतणीनें बरोबर हेरली आणि दोन उन्हाळ्यांपूर्वीं एक दिवस तीन रविवार पुरविला. त्या तिसऱ्या रविवारीं शेजारच्या योद्ध्यानें अंचलेश्वर दरवाज्यासारख्या एका दरवाज्यांत एकट्यानें खिंड लढविली. भाचा हातांत फांसा धरून कोरडा बसला होता. त्या दिवशीं त्या दणकट मुलाच्या तोंडावर जें तेज आलें, तें त्याच्या दहावीच्या निकालादिवशींहि आम्हांला दिसलें नव्हतें.

योद्ध्याचा प्रश्न असा सुटला. वाटाड्याचा सुटेना.

येथें त्याच्या इंग्रजी नांवाविषयीं दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. गडचिरोलीकडे रेंजर म्हटलें म्हणजे खाकी पोशाखांतील, जीपमधून उतरणारा वनपरिक्षेत्र अधिकारी. धानोऱ्याच्या मुलानें सुटींत घरीं जाऊन, आपण चंद्रपुरांत रेंजर झालों असें आजीला गमतीनें सांगितलें, तेव्हां त्या म्हातारीनें प्रथम आनंद दाखविला नाहीं, तिनें विचारलें, “आतां लाकडं आणाले जाऊ देशीन ना?” हें त्यानेंच आम्हांला सांगितलें. त्या दिवसापासून आम्ही सर्वांनीं मिळून त्या पेशाचें नांव वाटाड्या असें ठेविलें.

आतां योगायोग पाहा. पांचव्या आवृत्तींतल्या सगळ्या पेशांत जो सर्वांत पंगु म्हणून जगभर बोलला गेला तो हाच. कंपनीनें २०१६ सालीं त्याचा सुधारलेला मसुदा लोकांपुढें परीक्षणासाठीं ठेविला, आणि २०२० सालच्या एका पुरवणी-ग्रंथांत त्याला पर्यायी गुण दिले. सामान्य समजूत अशी कीं, त्याचे बाण कमी लागतात. आमच्या मतें रोग निराळा आहे. २०१४ च्या पुस्तकांत वाटाड्याला त्याच्या आवडत्या भूमींत काय येतें तें पाहा : बरोबरच्या मंडळींचा वेग बिकट वाटेनें कमी होत नाहीं, जादूवांचून ते कधीं रस्ता चुकत नाहींत, रानांत अन्न शोधलें तर तें दुप्पट मिळतें. वाचावयास हें वैभव वाटतें. परंतु प्रत्यक्ष खेळांत त्याचा अर्थ काय होतो ? पुतणी म्हणाली, “तुम्ही आतां घनदाट अरण्यांत शिरतां.” भाचा म्हणाला, “आपल्याकडे वाटाड्या आहे.” पुतणीनें पान उलटलें आणि म्हणाली, “तर मग तीन दिवसांनीं तुम्ही पलीकडे निघालां.” झालें ! योद्ध्याला लढाई आली कीं लढावयास मिळतें, चोराला कुलूप आलें कीं उघडावयास मिळतें. आणि वाटाड्याला रान आलें कीं तें रानच नाहींसें होतें. त्याच्या पेशाचें सार्थक एका वाक्यांत, आणि तेंहि दुसऱ्यानें बोललेल्या. ज्या गोष्टींत तो प्रवीण, ती त्याच्या प्राविण्यामुळेंच खेळांतून गळते. हा दुबळेपणा नव्हे. ही बक्षीस देऊन केलेली हकालपट्टी आहे.

धानोऱ्याचा मुलगा कांहीं बोलला नाहीं. तो तसाहि बोलत नसे. पण पुढच्या रविवारीं तो उशिरां आला, त्याच्या पुढच्या रविवारीं आला नाहीं, आणि त्यानंतर आला तो मोबाइल हातांत घेऊन बसला. अशा मुलाला ‘तुझें काय बिनसलें’ असें विचारून उत्तर मिळत नसतें.

वाघाचा प्रसंग त्यानंतरचा. या खेळाच्या प्राणिकोशांत वाघालाहि एक नोंद आहे. २०१४ च्या आवृत्तींत त्याला प्राणाचे गुण ३७ दिले होते. पांचव्या पायरीच्या चार-पांच जणांपुढें ३७ गुण म्हणजे कांहींच नव्हे. एक अग्निगोल आणि दोन वार, खेळ खलास. पुतणीनें वाटेंत एक वाघ आणून उभा केला, योद्ध्यानें तरवार उपसली, आणि तेवढ्यांत तो मुलगा हंसला. तें हंसणें कुत्सित नव्हतें, पण सगळे थांबले. पुतणीनें विचारलें, “कां रे ?” तो म्हणाला, “वाघ असा समोर येऊन उभा नाय राहत जी. तो दिसला म्हणजे लय उशीर झाला.”

मग तो बोलूं लागला. मार्च-एप्रिलांत आजीबरोबर पहांटे मोहफुलें वेंचावयास तो जात असे, तेव्हांच्या गोष्टी. फुलें वेंचणारा माणूस ओणवा असतो. ओणवें माणूस वाघाला माणूस वाटत नाहीं, असें आजी म्हणे. म्हणून मधून मधून सरळ उभें राहावयाचें आणि आपसांत मोठ्यानें बोलत राहावयाचें. वानर झाडावरून खाकरला तर खालीं कांहीं तरी चालतें आहे. चितळ ओरडलें तर तें हाकेच्या टप्प्यांत आहे. आणि कोणीच कांहीं बोललें नाहीं, पांखरें देखील गप्प झालीं, तर टोपली तेथेंच टाकावयाची आणि मागें पाहत पाहत निघावयाचें. त्यांच्या गांवाजवळची एक बाई निघूं शकली नव्हती. तिचें नांव त्यानें सांगितलें नाहीं, आम्हींहि विचारलें नाहीं. चंद्रपूर-गडचिरोलींत अशी बातमी वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर वारंवार येते, आणि ती वाचून पान उलटावयाची आम्हां शहरांतल्या माणसांना संवय झालेली आहे. ताडोबाच्या तळ्याकांठीं ज्या तारूचें ठाणें आहे तो देखील दंतकथेंत वाघाशीं झुंजतां झुंजतांच पडलेला गांवप्रमुख. त्याचा देव झाला, आणि त्याच्या नांवानें १९५५ सालीं महाराष्ट्रांतलें पहिलें राष्ट्रीय उद्यान झालें. परंतु त्या वाघाचे गुण कोणीं मोजले नव्हते.

पुतणीनें त्या दिवशीं डाव तेथेंच थांबविला. मग आठवडाभर घरांत खल चालला. भाच्याचा तोडगा सोपा होता : वाटाड्याच्या बाणाला एक फांसा जास्त द्यावा. जगभरच्या बहुतेक दुरुस्त्या याच जातीच्या आहेत. आम्हीं तो त्या मुलापुढें ठेवला, तर तो म्हणाला, “बाण काहाले पाहिजे जी ?” यावर भाच्याला उत्तर सुचलें नाहीं.

शेवटीं पुतणीनें आपल्या मनानें एक रीत काढली. ‘रस्ता चुकत नाहीं’ हा नियम तिनें खोडला आणि त्याच्या जागीं असें ठेविलें कीं, रानांत शिरतांच सूत्रधारानें वाटाड्याला तीन गोष्टी एकट्याला लिहून द्याव्या : एक ऐकूं येणारी, एक दिसणारी आणि एक नसलेली. त्यांचा अर्थ लावून पुढें कोणत्या अंगानें जावयाचें हें त्यानें सांगावें. अर्थ चुकला तर सगळ्यांनीं भोगावें. अडचण नाहींशी न करतां ती आधीं पाहण्याचा अधिकार त्याला दिला, एवढाच फरक. पहिल्याच रविवारीं रानांतले तीन दिवस दोन तास चालले. त्या दोन तासांत तरवार उपसली गेली नाहीं कीं अग्निगोल पेटला नाहीं, आणि पन्हें कोमट झालें तरी कोणाला त्याची शुद्ध नव्हती. वाघ त्यांत होता. तो शेवटपर्यंत कोणाला दिसला नाहीं. आम्हीं आयुष्यांत पुष्कळ नाटकें पाहिलीं, पण रंगभूमीवर न येणाऱ्या पात्राचा इतका दरारा क्वचित् अनुभवला.

नाटकाचें नांव निघालें म्हणून सांगतों. आमची झाडीपट्टीची रंगभूमि या प्रश्नाचें उत्तर आधींच देऊन बसली आहे, असें आम्हांला वाटतें. भाताचीं कामें आटोपलीं कीं वडशाच्या नाटक मंडळ्या गांवोगांव निघतात, आणि मंडईच्या किंवा शंकरपटाच्या निमित्तानें रात्र रात्र प्रयोग चालतात. त्यांत नायक असतो, खलपुरुष असतो, गाणारी असते, नाचणारी असते आणि विनोदी नट असतो. यांच्यांत बळाची बरोबरी कोण करील ? कथानकांत विनोदी नटाचें वजन तें काय ! परंतु त्याचा प्रवेश ठरलेला असतो, आणि त्या प्रवेशांत नायकानेंहि गप्प उभें राहावयाचें असतें. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना अशाच विनोदी भूमिकांनीं लोकप्रियता मिळवून दिली, आणि २०२३ सालीं पद्मश्रीचा मान मिळाला. नायकाइतकी लांब तरवार मिळावी म्हणून झाडीपट्टीचा विनोदी नट अडून बसल्याचें आम्हीं तरी ऐकलें नाहीं. त्याला पाहिजे असतो तो प्रवेश, आणि त्या प्रवेशापुरतें ऐकणारें सारें गांव. अमेरिकेंतल्या ग्रंथकारांनीं एक रात्र वडशास येऊन काढली असती तर त्यांचीं पुष्कळ पानें वांचलीं असतीं, असें आम्ही एकदां म्हणालों. पुतणी म्हणाली, “मोठे बाबा, त्यांना पुस्तकें विकायचीं असतात.” हेंहि खरें.

मात्र भाच्याची समजूत पटली नाहीं, आणि त्याचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नव्हता. तो म्हणाला, “मला कांहीं मंत्र येत नाहींत. मी फांसा टाकतों, पुस्तक सांगतें, आणि आग पेटते. शेजारच्या योद्ध्यानें जन्मांत तरवार धरलेली नाहीं. मग याच्या पेशाला तेवढें याला खरोखर जें येतें त्याचें मोल कां ? उद्यां दुसरा कोणी वाटाड्या झाला तर त्यानें काय करावें ?” पुतणी म्हणाली कीं खुणांचे अर्थ ती एका वहींत लिहून ठेवील, म्हणजे कोणालाहि त्या शिकतां येतील. हें उत्तर व्यवहारी होतें, पण प्रश्नाच्या मुळाशीं पोचणारें नव्हतें. कारण या खेळाची खरी मोहिनी, आपण जें नाहीं तें तीन तास होतां यावें, हीच आहे. परीक्षेनें पिचलेल्या मुलानें सर्वज्ञ मांत्रिक व्हावें, दहावींत कसाबसा पास झालेल्यानें खिंड लढवावी, आणि आमच्यासारख्या नास्तिकानें दर रविवारीं देवाचा धांवा करून लोकांच्या जखमा भरून काढाव्या. नियमांची बरोबरी कशाला, तर या वेषांतराची मुभा सर्वांना सारखी मिळावी म्हणून. मग त्या एकट्या मुलालाच त्याचा स्वतःचा वेष कां घातला ?

हा प्रश्न आम्हांला त्या वेळीं तितका तीव्र वाटला नाहीं, कारण मुलगा बोलूं लागला होता, हंसूं लागला होता आणि वेळेच्या आधीं येऊं लागला होता. पुतणीच्या वहींत खुणांचीं चाळीस पानें भरलीं. कोणत्या झाडाची साल अस्वल ओरबाडतें, पाऊस होऊन गेल्यावर माग किती वेळ ताजा दिसतो, वाळूवरचें पाऊल चालत्याचें कीं पळत्याचें, हें सगळे त्याला विचारीत आणि तो सांगे. दोन उन्हाळे असे गेले. जें मूल कोपऱ्यांत बसे तें मध्यभागीं आलें. याहून अधिक तें काय पाहिजे, असें कोणालाहि वाटावें.

२०२४ सालीं पुस्तकाची नवी, सुधारलेली आवृत्ति निघाली. ती घरांत आली तेव्हां सर्वांनीं आधीं वाटाड्याचें पान उघडलें. त्याला पुष्कळ दिलें आहे. पण भर आहे तो सावजावर खूण करून त्याला अधिक इजा करण्याच्या एका मंत्रावर, म्हणजे शेवटीं बाणावरच. पुतणीनें तें पान वाचून वही पुन्हां काढली आणि नव्या मोहिमेसाठीं पेशे वांटावयास बसली. ‘वाटाड्या’ असें म्हणून तिनें सहजच त्या मुलाकडे पाहिलें.

तो म्हणाला, “यंदा मी मांत्रिक घेतो.”

भाच्याला धक्का बसला. पुतणी म्हणाली, “अरे पण वाटाड्या तुझ्यासारखा कोणाला जमणार ? वही सगळी तुझीच आहे.” तो थोडा वेळ फांसा हातांत फिरवीत राहिला. मग म्हणाला, “घरी गेलो तर रान. हॉस्टेलात सारे मले रानाचंच इचारतेत. सर बी इचारतेत. इथं बी मीच रान सांगू काय जी ?”

कोणी कांहीं बोललें नाहीं. आंत कूलरचा आवाज चालू होता. भाच्यानें आपली मंत्रांची यादी, जी त्यानें तीन वर्षें कोणाला हात लावूं दिली नव्हती, ती त्याच्यापुढें सरकविली आणि पुतणीच्या हातून ती खुणांची वही घेतली.

आतां या मे महिन्यांत रविवारीं दुपारीं आमच्याकडे जो येईल त्याला दिसेल कीं, वैद्यकाचा आमचा भाचा कपाळाला आंठ्या घालून चाळीस पानें चाळतो आहे, वानर खाकरलें याचा अर्थ पूर्व कीं पश्चिम हें त्याला समजत नाहीं, आणि तो शेजारीं बसलेल्याला हळूच कोपरानें ढोसून विचारतो आहे. शेजारचा आपले आठ फांसे ओंजळींत खुळखुळवीत म्हणतो, “मले काय माहीत जी ? मी तर मांत्रिक आहो.”